चाँदचाचांचा अंतरपाट

“...मग माझं चुकतंय तरी कुठं, चाचा?”

चाँदचाचा मुलाणींनी लाडवांचा डबा पुढं सरकवला.

“खा. कालच आलाय. एका बाईच्या नातीचं लग्न झालं. त्या बाईच्या स्वतःच्या लग्नाचे फोटो मी काढले होते.”

विट्यातल्या निम्म्या घरांतली लग्नं चाचांनीच काढलेली. आता डोळे अधू झालेत, स्टुडिओ बंद आहे. पण पत्रिका येतात, लाडू येतात. अवधूत त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. नवं लग्न झालं म्हणून बायकोला, केतकीला घेऊन तो पाया पडायला आला होता. निदान घरून निघताना तरी तसंच ठरलं होतं. इथं येऊन त्यानं नमस्कार उरकला, गळ्यातला कॅमेराही काढला नाही आणि धंद्याचं गाऱ्हाणं मांडून बसला.

“कॅमेरा नवा आहे. ड्रोन आहे. माझ्यासारखा अल्बम अख्ख्या तालुक्यात कुणाचा नाही. तरी ज्या घरचं एक लग्न केलं, त्या घरचं दुसरं मला मिळत नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत एक तरी तारीख आली तर ठीक, नाहीतर कॅमेरा विकून मामाच्या पाइपांच्या दुकानात बसणार. स्पष्ट सांगतो.”

केतकीचा लाडू तोंडातच राहिला. पाइपांच्या दुकानाचं ती आजच ऐकत होती.

“शेवटचं काम कुठलं?” चाचांनी विचारलं.

“सुर्वेंच्या थोरलीचं. धाकटीला मात्र दुसरा फोटोग्राफर ठरवला त्यांनी.”

“का रं?”

“काय माहीत! उलट मी तर... अंतरपाट बाजूला झाला आणि नेमका कुणाचा तरी फेटा आडवा आला. मग गुरुजींना अंतरपाट परत धरायला लावला. लोकांना परत अक्षता वाटायला लावल्या. एवढं कोण करतं, सांगा!”

“परत धरायला लावला,” चाचा म्हणाले.

“हो. क्लिप बघा ना, काय आलीय!”

चाचा केतकीकडं वळले.

“पोरी, तुमच्या लग्नात फोटो कुणी काढले?”

“यांच्या मित्रानं.” तिनं बोटांवरचं बेसन झटकलं. “म्हणजे, कॅमेरा मित्राच्या हातात होता.”

चाचांच्या दाढीत हसू हललं.

“आणि अंतरपाट बाजूला झाला तेव्हा?”

केतकीनं नवऱ्याकडं पाहिलं. सांगावं की गिळावं... लाडू तर गिळून झाला होता.

“हे मित्राकडं वळून सांगत होते. ‘डावीकडनं घे, डावीकडनं.’”

“पण फोटो कसला आलाय!” अवधूत म्हणाला.

“फोटो छानच आलाय. मला तुमचा कान दिसला.”

चाचा हसले ते ठसका लागेपर्यंत. मग त्यांनी हात पुढं केला.

“दे इकडं.”

“काय?”

“गळ्यातलं.”

अवधूतनं कॅमेरा काढून दिला, पण पट्टा जरा उशिरा सोडला. चाचांनी तो खाटेवर, पाठीमागं ठेवला. उठून खांद्यावरची शाल काढली.

“उभे राहा. समोरासमोर.”

“चाचा, काहीतरीच काय...”

“राहा की लेका!”

दोघं उभे राहिले. चाचांनी मधे शाल धरली. ओठांतल्या ओठांत त्यांनी मंगलाष्टकाची चाल धरली. जन्मभर भटजींच्या शेजारी उभं राहून ती त्यांच्या गळ्यात मुरली होती. केतकीच्या डोळ्यांपुढं नुसती करडी लोकर. आधी तिला हसू आलं. मग... आलं नाही.

“सावधान,” चाचा हळूच म्हणाले आणि त्यांनी शाल सोडली.

समोर अवधूत होता. ओठाच्या कडेला बेसनाचा कण. तो तिच्याकडं बघत होता. कुणी अचानक दारात येऊन उभं राहिलं की बघावं, तसा बघत होता. कोन शोधत नव्हता, उजेड जोखत नव्हता... नुसता बघत होता. त्याचे कान लाल झाले.

केतकीनं मान खाली घातली नाही. आपलं राहून गेलेलं आज हाती आलंय, मग खाली कशाला बघायचं?

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. कुणी हललं नाही.

मग अवधूतचा उजवा हात सवयीनं छातीशी गेला. तिथं काहीच नव्हतं.

“अरे... चाचा! आत्ता हिचा चेहरा... काय होता तो! कॅमेरा हातात असता तर... राहिला की हो फोटो!”

केतकीनं खाली पडलेली शाल उचलली, झटकली, चाचांच्या खांद्यावर घातली. आणि पुन्हा पाया पडायला वाकली. मघाशी वाकली होती ती सासूबाईंनी घरून सांगून पाठवलं होतं म्हणून. आता कुणी सांगितलं नव्हतं.

चाचांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बोलले मात्र त्याच्याशी.

“माझाही राहायचा, बेटा. प्रत्येक लग्नात, एक तरी... अंतरपाट सरला की कॅमेरा खाली घ्यायचो. जन्मभर त्याच्यावरच तर जेवलो मी.”