रुमालाखालचा भाव

गुरांची दलाली करणारा नवरा गेला आणि हौसाक्काच्या हाती विम्याचे आठ लाख आले. तिला एकच ओढ होती, माहेरच्या माळावर दोन खोल्या बांधून थोरल्या बहिणीसंगं राहायचं.

बँकेतले गुंतवणूक सल्लागार रणनवरेसाहेब भर गर्दीत म्हणाले, "आक्का, पंधरा वर्षांच्या योजनेत टाका. माझा सल्ला फुकट! ती समोरच्या ऑफिसातली सल्लागार शिर्केबाई नुसत्या बोलण्याचे तीन हजार घेते."

हौसाक्कानं खांद्यावरचा नवऱ्याचा रुमाल साहेबांच्या हातावर टाकला आणि खाली आपला हात घातला.

"गुरांच्या बाजारात दलाल असा भाव करतो. बोटं दाबतो, बघणाऱ्याला कळत नाही. ही योजना माझ्या गळ्यात मारली की कंपनी तुम्हाला किती दलाली देते? दाबा बोटं. माझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही."

साहेबांनी हात मागं ओढला. लोक हसले.

"मग तीन हजारवालीच बरी. तिचा भाव उघड्यावर हाय!"

समोरच्या ऑफिसात शिर्केबाईंनी पहिलं हेच विचारलं, "पैसे कधी लागतील, आक्का?"

हौसाक्काचा आवाज एकदम मऊ झाला.

"लवकर, बाई. घर उभं नाही, तरी बहीण रोज त्या मोकळ्या माळावर अंगण झाडती."