दहा नंबरची जागा

"…मग दहा नंबरवर आता कुणाला घालू, वस्ताद?"

दस्तगीर वस्तादांनी वर पाहिलं नाही. ते मैदानाच्या कडेला उकिडवे बसून चुन्याच्या फक्कीच्या डब्यातले खडे निवडत होते. सकाळचं धुकं तळ्यावरून उठून मैदानात शिरलं होतं. पलीकडचा गोलपोस्ट सोडाच, मैदानाची मधली रेघही दिसत नव्हती.

"कुणाचा दहा नंबर? तालमीचा?"

"न्हाई. माझा."

"तुझा कुठला आणि संघ?"

विचारणारा होता धैर्यशील मगदूम. कोल्हापुरातल्या मोरबाग तालमीच्या फुटबॉल संघाचा एकेकाळचा सेंटर हाफ. वय सत्तावीस. खेळ सोडून सहा वर्षं झाली होती, पण चालण्यातली ऐट तेवढी शिल्लक होती.

आता हा गडी करायचा काय, तर लॅपटॉपवर फुटबॉलचा गेम खेळायचा. खेळायचा म्हणजे चेंडूला लाथ मारायचा, असं नव्हे. संघ सांभाळायचा. खेळाडू आणायचे, विकायचे, कुणी कुठं उभं राहायचं ते ठरवायचं, आणि बटण दाबून मोसमामागून मोसम पुढं न्यायचे. पेठेतली पोरं त्याला 'साहेब' म्हणायची. फॉर्मेशनचं कोडं पडलं की त्याच्या दारात यायची, आणि साहेब खुर्चीवरून न उठता ते सोडवून द्यायचे.

आणि वस्ताद? पंचाहत्तरी ओलांडलेले. तालमीच्या तीन पिढ्या त्यांनी या मैदानावर घडवल्या. आता शिकवत नसत. सकाळी येऊन फक्कीनं रेघा मारायच्या आणि उन्हं चढायच्या आत घरी जायचं, एवढंच.

धैर्यशीलनं पाठीवरची सॅक काढून मांडीवर घेतली. आत लॅपटॉप होता.

"सतरा मोसम झाले, वस्ताद. तळातल्या विभागातला क्लब उचलला. कुत्रं विचारत नव्हतं. आज युरोपात आमचं नाव घेतलं की समोरच्याच्या पोटात गोळा येतो."

"कुठलं साल चाललंय तिथं?"

"दोन हजार सदतीस."

"आरं वा! म्हंजे मी मेलोय."

वस्ताद स्वतःशीच हसले आणि त्यांनी डबा त्याच्याकडं सरकवला.

"मांड बघू तुझा संघ. बघतो."

धैर्यशील खाली बसला. ओल्या मातीवर चिमटीनं फक्की सोडत गेला. एक गोलकीपर. मागं चार. मधे तीन. पुढं दोन. हात झरझर चालत होता, आणि तोंडही.

"आधी चार-तीन-तीन खेळवायचो. मग ते मोडलं. हे दोघं फक्त चेंडू हिसकावून घ्यायला. ह्यो डावीकडनं पळून बचावाला तिकडं ओढतो, म्हंजे उजवीकडं मोकळं होतंय. ह्यो पुढचा उंच, पण गोल मारायला न्हाई, जागा करून द्यायला."

"गोल मारायला न्हाई?"

"न्हाई."

"मग एवढी सगळी माणसं कुणासाठी राबाल्यात?"

"दहा नंबरसाठी."

वस्तादांनी ठिपके मोजले. दहा होते. उजव्या बाजूला, गोलच्या जरा अलीकडं, जागा रिकामी होती.

"चांगला हाय?"

"देव हाय, वस्ताद!" धैर्यशीलचे डोळे चमकले. "चारशे बावीस गोल. सात वेळा सगळ्यात जास्त गोल करणारा. त्याला पास बरोबर मिळत न्हाई म्हणून मी दोन गोलकीपर विकले. मोठ्या मोठ्या क्लबांनी मागणी घातली. एकालाबी दिला न्हाई."

"त्याला इचारलास? जायचंय का म्हणून?"

"तिथं निरोप येतोय ना. 'मला मोठ्या क्लबात जायचं आहे' म्हणून. रुसून बसला हुता एकदा. कॅप्टन केलं, मग गप बसला."

"हुशार हाईस. आणि आता कुठं निघालाय त्यो?"

"निवृत्त व्हतोय. वय झालं, छत्तीस." त्याचा आवाज जरा खाली आला. "ह्या मोसमाच्या शेवटी सोडणार म्हणून निरोप आलाय. बारा दिवस झाले, मी बटणच दाबलं न्हाई. त्याआधी मागच्या तारखेवर जाऊन बघितलं. दोनदा, चारदा. परत तोच निरोप."

धुक्यात कुठंतरी टिटवी ओरडली. जवळ होती की लांब, ते कळत नव्हतं.

"नाव काय त्याचं?"

धैर्यशील सॅकचा बंद ओढत बसला.

"धैर्या. नाव इचारलं मी."

"संताजी."

"संताजी कोण?"

"शिपुगडे."

पुन्हा खडे निवडू लागलेला वस्तादांचा हात डब्यातच थांबला.

कारण हे नाव कुठल्याही गेममध्ये सापडणारं नव्हतं. संताजी शिपुगडे हा विरोधी नदीवेस तालमीचा पोरगा. सहा वर्षांपूर्वी, पेठांच्या स्पर्धेत, याच मैदानावर, धैर्यशीलनं त्याला आडवा केला. उजव्या पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. पोराला पुण्याच्या मोठ्या क्लबातून बोलावणं आलं होतं, बॅग भरून तयार होती. ती तशीच राहिली. पंच म्हणाले, चुकून लागलं. पेठ म्हणाली, खेळात व्हायचंच. धैर्यशील कुणाला काही म्हणाला नाही. त्या दिवशी बूट काढले ते काढलेच, आणि महिन्याभरात त्यानं तो गेम आणला. त्यात खेळाडू नव्यानं तयार करता येतो. नाव, उंची, अंगातले गुण, सगळं आपण भरायचं. त्यानं पहिला खेळाडू केला तो हा. वय एकोणीस, आणि पाय दोन्ही धड.

हे त्यानं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. पेठेतल्या पोरांना वाटायचं, साहेबांना गेममध्ये ओळखीची नावं घालायची हौस आहे.

वस्तादांनी विचारलं, "पळतोय न्हवं तिथं?"

"पळतोय की."

"कधी लागलंबिगलं न्हाई त्याला? सतरा वर्सं म्हंजे काय खायचं काम न्हाई."

"लागलं हुतं. एकेचाळीस वेळा."

"मग?"

"त्याला लागलं की मी गेम तसाच बंद करायचो. सेव्ह न करता. मॅचच्या आधीपासनं परत सुरू करायचं. म्हंजे ते झालंच न्हाई, असं व्हतंय."

"झालंच न्हाई."

"व्हय. एकदा तर फायनल जिंकली हुती, वस्ताद. तीन गोलनी! शेवटच्या मिनटाला ह्याचा घोटा मुरगळला. सोडून दिली ती फायनल. परत खेळलो आणि हारलो. पण पाय वाचला."

हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता. जणू शाबासकी मिळायची वाट बघत होता बिचारा.

"आणि हितं?" वस्तादांनी विचारलं. "हितं कसा हाय त्यो?"

"नदीवेस गल्लीत पिठाची गिरणी चालवतोय म्हणं."

"म्हणं?"

"मी बघितलं न्हाई."

"दोन गल्ल्या पल्याड हाय. सा वर्सात बघितला न्हाईस?"

धैर्यशील उसळलाच. "मी त्याला काय कमी केलंय, वस्ताद? सांगा की! त्याच्या पेठेनं काय दिलं त्याला? हारतुरे दिले आणि विसरली. मी चारशे बावीस गोल दिले. सगळा संघ त्याच्याभोवती बांधला. माझी झोप घालवली, नोकरी घालवली, ठरलेलं लगीन मोडलं…"

"कळलं का त्याला?"

"कुणाला?"

"ज्याला दिलास त्याला."

वस्तादांनी डब्यातून चिमूटभर फक्की घेतली आणि धैर्यशीलचा हात ओढून त्याच्या तळव्यावर ठेवली. मग त्याची बोटं स्वतःच्या हातानं मिटवली.

"ह्यो तुझा अकरावा. हितं मातीत नगं मांडूस. त्याच्या जाग्यावर नेऊन ठेव, जा."

"आता? काय दिसंना झालंय."

"जा म्हटलं न्हवं."

धैर्यशील उठला. सॅक पाठीला लावली, मूठ छातीशी धरली आणि धुक्यात शिरला.

दहा पावलांवर वस्ताद दिसेनासे झाले. वीस पावलांवर आपण कुठल्या बाजूला तोंड करून चाललोय तेही समजेना. गवत ओलं होतं, चपलेत पाणी शिरत होतं. आजूबाजूला पांढऱ्याशिवाय काही नाही. त्याला वाटलं, मैदानात माणसं उभी आहेत. डावीकडं तो पळणारा, पुढं तो उंच. सगळे आपापल्या जागी, कुणाचं तोंड दिसत नाही, आणि सगळे वाट बघतायत. किती वेळ चालत होता कोण जाणे. सहा वर्षांत त्यानं या मैदानात पाऊल टाकलं नव्हतं, पण पायांनी कुणाला रस्ता विचारला नाही. ते आपणहून वळले आणि आपणहून थांबले.

उजवी बाजू. गोलच्या जरा अलीकडं.

त्यानं खाली पाहिलं. साधी जमीन होती, चार काड्या गवत. सतरा मोसम त्यानं ज्याला उभं करायला जागा शोधली ती ही. दर वेळी फॉर्मेशन बदललं, माणसं बदलली, आणि दर वेळी संताजीला त्यानं इथंच उभं केलं होतं. हे त्याला आत्ता, इथं उभं राहिल्यावर कळलं. इथंच, जिथं त्याला आडवा केला होता.

त्यानं मूठ उघडली. घामानं फक्कीचा चिखल झाला होता. हात झटकला तरी निघेना.

"वस्ताद!" तो ओरडला.

"हाय हितं. बोल." आवाज कुठून आला ते कळलं नाही.

"चुकून न्हवतं लागलं, वस्ताद."

…

"ऐकताय न्हवं? चेंडू गेला हुता पुढं. मला दिसला हुता गेलेला. मी पायावरच गेलो."

त्यानं चिखलाचा हात पँटला पुसला.

"तुम्ही लाइनीवरनं ओरडला हुता. 'धैर्या, ह्यो गेला न्हाई पायजे, काय बी कर.' मी काय बी केलं. तुमचं नाव मी कुणाला सांगितलं न्हाई. सांगणारबी न्हाई. पण ओरडला हुता तुम्ही."

आता काठीचा आवाज येऊ लागला. धप… धप… थांबून, पुन्हा धप. वस्ताद धुक्यातून बाहेर आले ते अगदी दोन हातांवर. त्यांना धाप लागली होती.

"व्हय," ते म्हणाले. "ओरडलो हुतो."

दोघं त्या जागेच्या दोन बाजूंना उभे राहिले. मधे कुणी निजलं असावं, तसे.

"काढ ती तुझी पेटी," वस्ताद म्हणाले.

धैर्यशीलनं ओल्या गवतातच बसकण मारली. लॅपटॉप उघडला. धुक्यात पडद्याचा निळा उजेड पसरला. संताजी शिपुगडे, वय छत्तीस. नावापुढं तोच बारा दिवसांचा निरोप.

"थकलाय न्हवं त्यो?"

"व्हय."

"मग सोड त्याला, मर्दा. घरला जाऊ दे."

"आणि त्याच्या जागी?"

"ऱ्हाऊ दे मोकळी."

धैर्यशीलनं बोट बटणावर ठेवलं, उचललं, परत ठेवलं. मग त्यानं दाबलं. तारखा भराभर सरकल्या, मोसम संपला. क्लबच्या आभाराची दोन ओळींची चिठ्ठी आली, सगळ्यांना येते तीच. यादीतून एक नाव कमी झालं. आणि तो सत्तावीस वर्षांचा घोडा गुडघ्यात मान घालून लहान पोरासारखा हमसाहमशी रडला. वस्तादांनी त्याला रडू दिलं. पाठीवरून हात फिरवला नाही, की गप राहा म्हटलं नाही.

रडणं ओसरल्यावर तो उठला. लॅपटॉप सॅकमध्ये कोंबला. दोघं मैदानाबाहेर पडले आणि नदीवेशीकडं वळले. वस्ताद सावकाश चालत होते, म्हणून तोही सावकाश चालला. धुकं विरळ होत होतं. दूधवाला गेला. एका दारात बाई सडा टाकत होती, वस्तादांना बघून तिनं पदर सावरला आणि ती या दोघांकडं बघतच राहिली. मोरबागेची ही दोन माणसं, आणि या गल्लीत!

कोपऱ्यावर येताच गिरणीचा पट्टा ऐकू आला. गरम पिठाचा वास आला. आत कुणीतरी स्टुलावर बसलं होतं, एक पाय लांब करून. तोंड पलीकडं होतं.

धैर्यशीलचे पाय जागीच थांबले. त्यानं वस्तादांची बाही धरली.

"वस्ताद… पहिलं काय बोलायचं?"

वस्तादांनी गिरणीकडं पाहिलं. मग त्याच्याकडं.

"तेच तुला इचारीन इचारीन म्हणून सा वर्सं गेली, लेका."