लाल शाईची लाज

फार जुनी गोष्ट. तेव्हा यंत्रंही एकमेकांशी बोलत. एका गावच्या दूध डेअरीत कागदावर आकडे छापणारं गणकयंत्र होतं. दूध तपासणारा कारकून बटणं दाबून चांगलं दूध जमा करी तेव्हा आकडा काळा उमटे, नासकं वजा करी तेव्हा लाल. चिठ्ठीचा रंग बघून डेअरीतले गडी गेनूमामा कॅन टाकीत ओतत, नाहीतर बाजूला ठेवत.

"काय रे, आज पुन्हा तोंड लाल?" शेजारचा रबरी शिक्का रोज हसे. यंत्राला ते फार झोंबे. शेवटी ते आपल्या शाईच्या रिबिनीला म्हणालं, "ताई, लाल कड वर आणूच नकोस."

"वेड्या, घडवणाऱ्याने आधी मला नुसती काळीच केली होती. वजाबाकी ओळखू येईना, लोक फसू लागले, म्हणून ही लाल कड जोडली."

"पण माझी अब्रू जाते गं!"

रिबिनीने हार मानली.

दुसऱ्या सकाळी नासक्या दुधाची चिठ्ठी काळी निघाली. गेनूमामांनी तो कॅन टाकीत ओतला आणि अख्ख्या गावाचं दूध फाटलं.

"मामा, डोळे फुटले होते का?" बायका ओरडल्या.

"चिठ्ठी काळीच होती गं," मामा मान खाली घालून पुटपुटले. यंत्राकडे कोणी बोटही दाखवलं नाही. तेच त्याला सोसवेना.

पुढच्या दिवशी पुन्हा नासकं दूध आलं. आकडा ठसठशीत लाल उमटला.

"झालं का तोंड लाल?" शिक्का खिदळला.

"झालं," यंत्र म्हणालं. "पण मामांची मान अजून खालीच आहे."