वैऱ्याच्या हातचं पाणी

फार फार जुन्या काळी, जिकडे बघावं तिकडे वाळूच वाळू अशा एका मुलखात एक गाव होतं. गावात विहीर एकच, तीही खाऱ्या पाण्याची. ते पाणी भट्टीवर उकळायचं, वाफ झाकणाला लागून थेंब थेंब गळायची आणि तेवढंच गोडं पाणी गाव प्यायचं. भट्टी सांभाळणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणत.

लाकूड दूरदेशाहून उंटांवर यायचं. त्या वर्षी तांडा आलाच नाही. मावशी रोज टेकाडावर जाऊन वाट बघायची आणि जड पावलांनी परतायची. तिची लेक बाळंतपणाला आली होती, दिवस भरत आले होते. लेकीने पाण्याचा घोट घेतला, की मावशीचं लक्ष माठाच्या तळाकडे जायचं.

सरपण संपलं, तसा मुखियाने हुकूम काढला, "घरांची दारं जाळा. भट्टी विझता कामा नये."

त्या गावात सूर्याला वैरी मानत. भर दुपारी कुणी उंबरा ओलांडत नसे. आता दारंच गेली, तेव्हा ऊन थेट घरात शिरलं. माणसांची तहान वाढली. तहान वाढली म्हणून आणखी दारं जाळली. मग खाटा गेल्या. सहाव्या दिवशी मुखियाचा माणूस मावशीकडे आला.

"पाळणा दे."

"अरे, बाळ यायचंय अजून!"

"पाणीच नसलं तर ते जगेल कसं, मावशे?"

"जरा थांब," म्हणत मावशी जाळायला दुसरं काही मिळतं का ते बघायला भर उन्हात अंगणात आली. सकाळी घाईत एक काळी परात तिथेच राहिली होती, खाऱ्या पाण्याने भरलेली. तिने कड धरली आणि चटका बसून हात मागे घेतला. मग वाकून पाहिलं. पाणी बोटभर खाली गेलं होतं आणि कडेला मीठ चढलं होतं.

सारा जन्म भट्टीपुढे गेलेल्या बाईला आणखी काय सांगावं लागतं? वाफ झाली होती, फक्त कुणी धरली नव्हती.

तिने झरोक्याची काच काढली, परातीवर तिरकी ठेवली आणि खालच्या कडेला वाटी लावली. थोड्या वेळाने काचेवरून पहिला थेंब ओघळला.

बघता बघता गाव जमलं. "वैऱ्याच्या हातचं पाणी! आतडी जळतील!" लोक ओरडले.

एक म्हातारा म्हणाला, "काय गं मावशे, वैरी तुझ्याकडे भट्टीवर कामाला लागला वाटतं?"

"लागला. आणि लाकूड मागत नाही."

लेकीने हात पुढे केला. "आई, दे मला."

"थांब. आधी मी पिते."

मावशी प्यायली. संध्याकाळ झाली. काही झालं नाही. तेव्हा कुठे तिने लेकीला वाटी दिली.

पण मुखिया हटेना. दुसऱ्या दिवशी त्याने विहिरीचा रहाट तोडायला माणसं पाठवली. मावशी धावत जाऊन आडवी उभी राहिली.

"मुखियाबाबा, रहाट जळाला तर खारं पाणीसुद्धा वर यायचं नाही. मग भट्टीवर काय उकळाल?"

मुखियाचे ओठ तडकले होते. मावशीने वाटी पुढे केली. भर दुपारी, उघड्या उन्हात, तो ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. कुऱ्हाडी खाली ठेवल्या गेल्या.

तांडा आला तो दोन महिन्यांनी. तोवर घरोघरी अंगणात काचेखाली पराती मांडल्या होत्या, आणि गाव जगलं होतं. मात्र हट्टाच्या त्या दिवसांत बिनदाराच्या घरांत झळा लागून दोन म्हातारी माणसं गेली होती. मुखिया पुढे मरेपर्यंत सांगायचा, "त्यांना सूर्याने नाही मारलं. मी मारलं."

तात्पर्य: भीतीपोटी पाठ फिरवली, की समोर उभा असलेला सोबतीही वैरी वाटतो.