शेंड्यावरची सभा

फार मागची गोष्ट. शेजाऱ्याची चौकशी करणं तेव्हा जनावरांतही चांगलं समजलं जायचं. एका रानात सगळ्यांनी मिळून तळं बांधलं. तळं सगळ्यांचं, त्यामुळे काही बिघडलं तर कुणीही सांगावं. सांगायचं मात्र जांभळीच्या शेंड्यावर जाऊन, कारण देखरेख वानरांकडं होती आणि त्यांना तिथं वारा बरा लागायचा. झाडाखाली पाटीसुद्धा होती: ‘सर्वांचं मनापासून स्वागत आहे. वर या.’

एक दिवस कासवमावशीला बांधाला भोक दिसलं. पाणी झिरपत होतं, आणि भोकाखालच्या वाळूतच तिची अंडी पुरलेली. ती धापा टाकत झाडाखाली गेली. “अरे बाबांनो, बांध फुटेल!”

“मावशी, खालून बोललेलं आम्ही धरत नाही,” हुप्प्या वानर म्हणाला. “वर या ना, इथं परकं कुणी नाही.”

“मला चढता येतं का रे?”

“मनावर घेतलं की येतं. आमची तान्हीसुद्धा चढतात!”

मावशी परतली आणि भोकाला पाठ लावून बसली. पाणी थांबलं. इकडं शेंड्यावर ठरलं, की यंदा एकही तक्रार नाही, म्हणजे सगळे खूश आहेत.

तिसऱ्या दिवशी हुप्प्या पाणी प्यायला उतरला. “काय मावशी, उन्हाला बसलात वाटतं?”

“नाही रे. वर येऊन जे सांगायचं होतं, ते धरून बसलेय.”

हुप्प्यानं वाकून तिच्या पाठीमागचं भोक पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. “मग आता सांगा की, मी ऐकतोय.”

“ऐकू नकोस,” मावशी म्हणाली, “चिखल आण.”