पालूच्या थव्यावरची शपथ

पूर्वी शूर्पारक नगरात वज्रबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या कोळीवाड्यात जन्मला आणि वयात आल्यावर कोळ्यांचा प्रमुख झाला. त्या समुद्रात पालू नावाचा रुपेरी मासा मिळे. शूर्पारक, भरुकच्छ आणि मणिपट्टण ही तिन्ही राज्ये तो मारीत. सुरुवातीला मासळी दरवर्षी वाढत गेली आणि तिन्ही राजे फुशारून गेले. होड्या अधिकाधिक लांब जात होत्या म्हणून ती वाढत होती, हे कोणी मनावर घेतले नाही. मग ती घटू लागली. शूर्पारकचे लोक म्हणत भरुकच्छाने नेली, भरुकच्छाचे म्हणत मणिपट्टणाने ओरबाडली. स्वतःच्या जाळ्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती.

बोधिसत्त्वाला मात्र दिसत होते, की थोराड मासे संपत आले आहेत आणि पालूत अंडी घालणारी मादी थोराडच असते. खाडीच्या मुखाशी अंडी घालायला येणारा एकच मोठा थवा उरला होता. तो गेला की सगळेच गेले. त्याने बाकीच्या दोन्ही बंदरांच्या कोळी प्रमुखांचे पाय धरले. अखेर तिघांनी ओंजळीत समुद्राचे पाणी घेऊन शपथ वाहिली, की थवा परत फिरेपर्यंत कोणी जाळे टाकायचे नाही.

थवा आला. शूर्पारकच्या कोळ्यांना शेती नव्हती, त्यामुळे त्यांच्या चुली थंड पडल्या. एका सकाळी दूरवर शिडे दिसली. बोधिसत्त्वाचा धाकटा भाऊ कालक ओरडला, "आले बघा चोर! दादा, आपण शपथ पाळत बसायचं आणि यांनी घरं भरायची?"

"जवळ तर येऊ देत, कालका."

"तोवर शेपूटसुद्धा उरायचं नाही!"

सगळा कोळीवाडा होड्यांत चढला. बोधिसत्त्व आडवा आला, तर त्याला ढकलून ते गेले आणि कालकापाठोपाठ सगळ्यांनी थव्यावर जाळी टाकली. शिडे जवळ आली तेव्हा त्या होड्यांत जाळी नव्हतीच. उपाशी शूर्पारकासाठी भरुकच्छाच्या प्रमुखाने तांदूळ पाठवला होता. आलेल्या लोकांनी अंड्यांनी फुगलेल्या माद्या जाळ्यांत तडफडताना पाहिल्या आणि ते तांदळासकट माघारी वळले. मग दोन्ही बंदरे जाळी घेऊनच आली. थोड्याच दिवसांत खाडीचे मुख रिकामे झाले.

राजाने चौकशी मांडली. आधी जाळे भरुकच्छाने टाकले, असे कोळ्यांनी एकमुखाने सांगितले. राजाला तेच हवे होते, कारण भरुकच्छावर चालून जायला तो निमित्तच शोधत होता. त्याने बोधिसत्त्वाला विचारले. कालक डोळ्यांनी विनवीत होता.

"महाराज, पहिलं जाळं आमचं. माझ्या सख्ख्या भावाचं."

युद्ध टळले. पण कोळीवाड्याने बोधिसत्त्वाला वाळीत टाकून गावाबाहेर काढले. मासा त्या खाडीत पुन्हा आला नाही.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भिक्षूंचे गुरू, म्हणाले, "भिक्षूंनो, कालक म्हणजे माझा जन्मोजन्मीचा वैरी देवदत्त, असे तुम्हाला वाटत असेल. तसे नाही. देवदत्त तेव्हा वज्रबाहू राजा होता. तांदूळ पाठवणारा प्रमुख माझा शिष्य आनंद होता, आणि शूर्पारकच्या कोळ्यांचा प्रमुख मी होतो. आपल्याच माणसांविरुद्ध खरे बोलणे ही माझी त्या जन्मीची सत्यपारमिता, सत्याच्या व्रताची परिपूर्ती. आणि मला ढकलून होड्यांत चढले, ते सगळे आज इथे बसलेले तुम्ही."