आबांचं नाक

"पण सर, ज्यांना वासच येत नाही, ते वाईन चाखायला काय शिकवणार?"

केतकी धुमाळने हे आबांना तोंडावर विचारलं. मी ग्लास पुसत होतो. तो हातातून सुटायचाच बाकी राहिला.

आबा हसले.

"खरं आहे," म्हणाले. "नाक गेलं आमचं."

आबा म्हणजे दौलतराव पिंगळे. आमच्या दिंडोरीकडे द्राक्षांची वाईन करणं नवलाचं होतं, तेव्हापासून त्यांनी ती केली. पिंपात काय चाललंय ते दारातून आत पाऊल टाकताच वासावरून सांगायचे. मग एका तापात वास गेला, तो गेलाच. आंबट, गोड, तुरट एवढं जिभेला कळतं. बाकी सगळं सपाट. स्वतः केलेली वाईनही त्यांना आता ओळखू येत नाही. हे दुःख ते कुणाला दाखवत नाहीत, पण मी शेजारी राहणारा शाळामास्तर, मला दिसतं.

तरी माणसं त्यांच्याकडे येतात. आलेल्या पाहुण्यांना वाईन चाखवायला कुणाला उभं करायचं, हे आसपासचे वाईनचे कारखानेवाले अजून आबांना विचारून ठरवतात. आबा 'हो' म्हणाले की काम झालं. केतकी पुण्याच्या हॉटेल मॅनेजमेंटच्या वर्गात पहिली आलेली. तिची नोकरी या एका 'हो'वर अडली होती, आणि तो 'हो' नाक नसलेल्या माणसाकडून घ्यायचा, याचा तिला राग होता. तिच्या जागी मी असतो तर मलाही आला असता.

सकाळची वेळ होती. जेवणाआधी, पोटात भूक असतानाच चाखायचं, हा आबांचा नियम. टेबलावर पांढरी चादर, दोन ग्लास, थुंकायला तस्त. दोन बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. बुचाऐवजी पत्र्याचं फिरकीचं झाकण पाहून केतकीने नाक मुरडलं.

"स्वस्तातल्या आहेत?"

"स्वस्तातल्याच. पोहायला माणूस विहिरीत शिकतो. समुद्र कुठं पळून चाललाय?"

तिने ग्लास दांडीला धरला. चादरीवर तिरका करून रंग पाहिला. गोल फिरवला, हुंगला, घोट तोंडात खेळवला, तस्तात टाकला. नाव ठेवायला जागा नव्हती. पोरगी तयारीची होती, हे मी कबूल करतो.

"सांग, कशाकशाची चव येते," आबा म्हणाले. त्यांनी डोळे मिटले.

"ब्लॅककरंट. ब्लॅकबेरी. थोडं सेडारचं लाकूड. शेवटी लेदर."

आबा वाट पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"बरं. दुसरी?"

तिने दुसरा ग्लास घेतला. तोच सगळा सोहळा.

"ब्लॅकबेरी. ब्लॅककरंट... सेडार..." ती अडखळली. "लेदर."

"मग दोन बाटल्या कशाला करतात गं लोक?"

मला हसू फुटलं. मी ते खोकल्यावर नेलं.

केतकीचे कान लाल झाले. "सर, पुस्तकात हेच शब्द आहेत. सगळं जग हेच म्हणतं."

"म्हणू दे की. ब्लॅककरंट खाल्लंयस?"

"...आइस्क्रीममध्ये."

"मीसुद्धा. छान होतं."

यात टोमणा नव्हता. मी मुद्दाम सांगतो, कारण मी असतो तर हाणला असता. या माणसाची मला हीच गोष्ट फार आवडते. समोरचा पडला की हे त्याच्या शेजारी जाऊन बसतात.

"हे बघ," आबा म्हणाले. "या ग्लासांत काय आहे, ते मला ठाऊक नाही. तुला आहे. मला सांग."

"म्हणजे... तुम्हाला खरंच उत्तर माहीत नाही?"

"नाही ना. बाटल्या या मास्तरांनी आणल्या. त्यांनीच गुंडाळल्या."

मी मान डोलावली.

"मग मी बरोबर की चूक, ते तुम्हाला कळणार कसं?"

आबांनी दोन्ही ग्लास एकाला एक लावून तिच्यासमोर सरकवले.

...

तिने पहिल्यातला घोट घेतला. मग दुसऱ्यातला. पुन्हा पहिल्यातला. या वेळी ग्लास फिरवला नाही, दांडीलाही धरला नाही. सरळ मुठीत धरला, ताकाचा पेला धरावा तसा.

"पहिली जड आहे," ती हळूच म्हणाली. "म्हणजे... दुसरीच्या मानाने. दुसरी चटकन निघून जाते."

"हं."

"पहिली जिभेला धरून बसते. जांभळासारखी."

"कसलं जांभूळ? झाडावरचं?"

"नाही..." ती थांबली. "भोरला शाळेबाहेर एक मावशी पाटी घेऊन बसायच्या. जांभळं मिठात घोळवून कागदाच्या पुडीत द्यायच्या. वरची टपोरी मैत्रिणी पळवायच्या. मला तळाची मिळायची. चेपलेली. उन्हाने जराशी आंबलेली... त्यांना मिठाचं पाणी सुटलेलं असायचं. साल दाताखाली यायची आणि सगळी जीभ जाड व्हायची. टाळ्याला चिकटायची. तरी मी शेवटी कागद चाटायचे..."

ती 'सर' म्हणायचंही विसरली होती. तिच्या आवाजातली परीक्षा संपली होती.

मी आबांकडे पाहिलं.

त्यांचे डोळे मिटलेलेच होते. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. पुन्हा गेली. गाल आत ओढले गेले. ओठांच्या कोपऱ्यात पाणी जमलं, आणि त्यांनी ते उपरण्याच्या टोकाने टिपलं. सकाळपासून त्यांनी एक थेंबही तोंडात घेतला नव्हता.

हातातल्या फडक्याची मी उगीच घडी घालत बसलो.

केतकीनेही पाहिलं. तिचा ग्लास अर्ध्यावर थांबला.

"सर... बरोबर आहे का?"

आबांनी पुन्हा एकदा तोंडात सुटलेलं पाणी गिळलं. डोळे उघडले नाहीत.

"दुसरी सांग," ते म्हणाले. "लवकर सांग, पोरी."